भावजींचा पट्टा

ताई,

सकाळी फोनवर तू रडत म्हणालीस, "तू होतास म्हणून हे वाचले." मी नुसतं "हं" म्हणालो. फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो.

त्या दिवशी ते छोटं विमान मी चालवत होतो, शेजारी भावजी. त्या धावपट्टीवर मी पहिल्यांदाच उतरत होतो. ती चांगलीच आखूड निघाली, त्यात वारा पाठीमागून. भावजी म्हणाले, "जरा जोरात येतोय का आपण? परत एक चक्कर मारू या." मला हसू आलं. जन्मभर लोकांच्या दाढा उपटणारा माणूस मला विमान शिकवतोय! चाकं टेकली तोवर अर्धी पट्टी संपली होती. विमान कुंपण तोडून चरात घुसलं आणि एका अंगावर कललं.

पेट्रोलचा वास आला. मी पट्टा सोडला, दार ढकललं आणि पळत सुटलो. मागून भावजी ओरडले, "अरे, माझा पट्टा अडकलाय!" मी ऐकलं, ताई. तरी पळालो.

आग लागलीच नाही. मोडक्या हातानं ते स्वतःच सुटून बाहेर आले. लोक जमले तेव्हा भावजी माझ्याकडे बघून त्यांना म्हणाले, "यानंच ओढून काढलं मला." दवाखान्यात मी तुला खरं सांगायचं म्हणालो, तर त्यांनी मला गप्प केलं. "तिला एकच भाऊ आहे. तो तिच्याकडे राहू दे."

म्हणून हे पत्र तुला मिळणार नाही. रविवारी तू जेवायला बोलावलंयस, मी येईन. भावजी सगळ्यांसमोर माझं कौतुक करतील आणि मी ताटातून मान वर करणार नाही. तुला वाटेल, किती लाजतोय माझा भाऊ.

तुझा,
धाकटा