तुमचा खेकडा, त्याचं फूल आणि आपल्या सासूबाई

जळगाव, मेहरूणचा रस्ता
चैत्र वद्य दशमी, शके १८५२

चि. रुपचंदराव यांस,

तुमचे थोरले साडू अभिमन यांचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व जिवंत आहेत. सुखरूप आहेत असं लिहू देण्याइतकं ऊन अजून उतरलेलं नाही. तिकडे तुतिकोरीनला तुम्ही, सौ. सुनंदा आणि बाळ समुद्राचा वारा खात असाल, तर त्यातला थोडा पाकिटात घालून पाठवावा.

आखाजीला (पंचांगात अक्षय्य तृतीयेला) येऊन सासूबाईंना कायमच्या तिकडे घेऊन जाण्याचा तुमचा बेत वाचला. बेत उत्तम आहे. ‘आठ वर्षं तुम्ही त्यांना पोसलंत’ असंही तुम्ही लिहिलं आहे. ते वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. त्या माझ्या घरी राहतात, माझ्या घरचं खात नाहीत. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही हा त्यांचा नेम. आमच्याकडे तो सुटण्याचा योग आला नाही, आणि आता (मी सत्तेचाळीस, कमल एक्केचाळीस) येईल असं पंचांगालाही वाटत नाही. म्हणून पडवीत त्यांची वेगळी चूल, वेगळा माठ आणि भडगावच्या शेतातल्या ज्वारीचं वेगळं पोतं. विहिरीवरून पाणी स्वतः आणतात. एकदा मी कळशीला हात लावला, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, जवाईबापू. आंडेरना घरनं पानी मी पेत नही.” आंडेर म्हणजे लेक, हे तुम्हाला सांगायला नको, पण तुम्ही मद्रास इलाख्यात राहून काय काय विसरला असाल ह्याचा भरवसा नाही. तुमच्याकडे बाळ आहे. तिथे मानाने पंगतीला बसतील. असो, मी तुमच्या खेकड्याकडे वळतो.

शाळेत मुलांना दाखवायला मी तुमच्याकडे समुद्रफूल मागितलं होतं, ते स्पिरिटात घातलेलं, म्हणजे शांत स्वभावाचं. तुम्ही पाडव्याला कापसाच्या दलालाच्या हाती काचेची बरणी पाठवलीत, तीत शंखात राहणारा जिवंत खेकडा आणि त्या शंखाच्या पाठीवर बसलेलं जिवंत समुद्रफूल. हे फूल म्हणजे प्राणी. पाकळ्या म्हणजे बोटं, बोटांत विषाचे गुंडाळलेले दोरे, आणि तोंड एकच. जेवण तिथूनच आत, खरकटं तिथूनच बाहेर (आमच्या शाळेच्या कमिटीची रचना मी मुलांना ह्यावरूनच समजावली). पुस्तकात लिहिलं आहे की दोघांचाही फायदा असतो. फुलाच्या विषामुळे खेकड्याला कोणी खात नाही, आणि खेकड्याच्या पाठीवरून फुलाला फुकट फिरायला व सांडलेलं खायला मिळतं. तुमच्या समुद्रात ह्यांची मोठी भावंडं आहेत म्हणे. त्यांच्या विषारी पाकळ्यांत नारिंगी मासे अंगाला बुळबुळीत लेप असल्यामुळे निर्धास्त राहतात. काहींच्या तर अंगातच सूक्ष्म शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि यजमानालाही देतं. म्हणजे भाडेकरू चुलीसकट पोटात. मी हे वाचत असताना समोर पडवीत धूर निघत होता.

पहिल्याच आठवड्यात मी वर्गात दाखवायला चमच्याने ते फूल शंखावरून सोडवू पाहिलं. ते सुटलं नाही. उलट अंगातून गुलाबी दोरे काढून माझ्या हाताला चिकटवले. हात दोन दिवस चुरचुरला आणि मुलांना विज्ञानाची एकदम गोडी लागली.

पुढचा घोटाळा मात्र मी केला नाही, जळगावच्या उन्हाने केला. चैत्रातलं ऊन आणि समुद्राचं पाणी, ह्यांचं काय होतं ते पोरंही सांगतील. बरणीच्या काठावर पांढरं मीठ चढलं. दिवस कोणते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. साऱ्या देशात मीठ उचलून लोक तुरुंगात जात आहेत. शेजारच्या ताईबाईंनी खिडकीतून तो काठ पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अभिमन मास्तर घरात कायदा मोडतात. दहा-बारा तरुण हार घेऊन आले. मी हार नाकारला, तो त्यांनी विनय समजला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी लेखी खुलासा मागितला, कारण शाळेला सरकारी मदत आहे. चोवीस वर्षांची नोकरी, आणि ती जाणार कशाने, तर बाष्पीभवनाने! (तो धडा मीच शिकवतो.)

तिसऱ्या दिवशी हवालदार फारुखमियाँ चौकशीला आले. भला माणूस, पण हुकमाचा ताबेदार. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, चाखलं, आणि खेदाने म्हणाले, “मास्तरसाब, नमक तो है.” मी बाष्पीभवन समजावून सांगू लागलो. मधेच सासूबाई आपल्या माठातलं तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि हवालदारांच्या डोळ्यांदेखत बरणीच्या काठावरून सोडलं. सगळं मीठ धुऊन आत गेलं.

“अम्मा, सबूत धो डाला आपने!”

“सबूत काय? पानी कमी व्हतं, घातं. मी रोज घालस. आते दखाडा, मीठ कोठे शे?”

मग त्याच माठातलं पाणी त्यांनी हवालदारांना प्यायला दिलं. त्यांनी ते दोन तांबे प्यायलं आणि ‘मास्तरांनी किडा पाळला आहे’ असं लिहून नेलं. तेवढ्यावर हेडमास्तरांचं समाधान झालं. माझं झालं नाही. काचेवर गेरूची एक रेघ होती, ती मी इतके दिवस तुमच्याकडली खूण समजत होतो. ती सासूबाईंची. पाणी आटून रेघेखाली गेलं की त्या आपल्या माठातलं गोडं पाणी घालत, आणि दूध निववावं तशी पळीने वर-खाली करून त्यात हवा घालत. मी विज्ञान शिकवत होतो आणि प्राणी त्यांनी जगवला होता.

परवा खेकड्याला शंख अपुरा पडला. सासूबाईंनी देवापुढचा स्वतःचा शंख बरणीत सोडला (देवाला काय उत्तर दिलं, ते मला विचारायचं धैर्य झालं नाही). खेकडा नव्या शंखात शिरला आणि फुलाला न्यायला परत आला. माझ्यासारखा चमचा घेऊन नव्हे. बराच वेळ पायांनी हळू हळू थोपटत राहिला. फूल आपणहून सैल झालं, तेव्हा त्याने ते उचलून नव्या घरावर बसवलं. सासूबाई म्हणाल्या, “तो तिले वढत नही. थोपटस. ती राजी व्हयनी का मंग लई जास.” एवढं बोलून त्या चुलीशी गेल्या. तुमच्या बेताबद्दल त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत, नाही म्हणालेल्या नाहीत. सकाळी गाठोडं बांधतात आणि दुपारच्या चहानंतर काहीतरी लागलं म्हणून सोडतात.

तेव्हा तुमचा बेत एकंदर योग्यच आहे. पडवी मोकळी होईल, धूर थांबेल, मला दुपारी झोप मिळेल. सौ. सुनंदास आशीर्वाद, बाळास पापा.

तुमचा,
अभिमन

ता. क. आखाजीला येऊ नका. वरचं सगळं खरं आहे, तरी येऊ नका. कमल दोन दिवस जेवलेली नाही आणि मला दुपारी झोप येत नाही. ‘राहा’ असं आम्ही त्यांना म्हणू शकत नाही. म्हटलं की ते उपकार झाले, आणि त्यांच्या लेखी उपकार लेकीच्या घरच्या पाण्याहून वाईट. त्याच दिवशी माठ डोक्यावर घेऊन भडगावला चालू लागतील. म्हणून नकार तुमच्याकडून यायला हवा. जागा अपुरी आहे, खारी हवा गुडघ्यांना वाईट, सुनंदाला जमणार नाही, सुचेल ते लिहा.

आणखी एक. तुमचा स्वभाव गोड, पत्र कठोर होणार नाही हे मी जाणतो. काळजी नसावी. त्यांना वाचून मीच दाखवणार, बोचरे शब्द माझ्या पदरचे घालीन. मग त्या दोन-तीन वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडतील. चुलीशी बसून, मोठ्याने. तेवढं तुम्ही सोसा. आमच्या घरात आवाज राहील.