‘मंजुळ’ एवढा शब्द खोड

प्रिय मुंगे,

फोन करायचा सोडून ही बया पत्र काय लिहीत बसलीय, असं म्हणशील. घसा बसलाय गं, महिना झाला. शिवाय तुझी कादंबरी हा काही चार वाक्यांत उरकायचा विषय नाही. खरं खरं सांग, गुळमुळीत बोललीस तर शेवटचं प्रकरण लिहिणारच नाही, अशी धमकी दिलीस ना? मग ऐक. सुनेने मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिली आणि तू आजवर नेटवर टाकलेली सगळी प्रकरणं मी वाचून काढली. दोनदा दूध उतू गेलं, त्याचं पाप तुझ्या माथी.

आधी चांगलं सांगते. ग्रहाग्रहांचे फोन जोडणारं ते एक्स्चेंज वाचताना मी थेट आपल्या ट्रंक ऑफिसातल्या बोर्डासमोर जाऊन बसले. कानाला रुतणारा हेडफोन, वायरींचं जंजाळ, पाठीमागे फेऱ्या मारणाऱ्या सुपरवायझरबाई. तुझं प्रकरण ऐन वेळी तुटतं म्हणून ती तरुण पोरं खाली कॉमेंटमध्ये तुझ्या नावाने बोटं मोडतात. त्यांना काय ठाऊक, ही खोड तुला बोर्डावरच्या दिव्याने लावली. दोन कॉलच्या मधे तू मला गोष्ट सांगायचीस आणि दिवा लागला की अर्ध्या वाक्यावर सोडून ‘नंबर सांगा’. पुढचं ऐकायला मिळावं म्हणून मी जेवणाची सुट्टीसुद्धा तुझ्या वेळेला बदलून घ्यायचे.

आणि तो लोकरीचा व्यापारी आठवतो का? गोष्टीच्या नादात तू चुकून त्याच्याच लाइनवर म्हणालीस, ‘राजपुत्राची सावली पळून गेली,’ आणि तो शांतपणे म्हणाला, ‘बरं, मग?’ तुझ्या नायिकेला नायक भेटतो तो याच चुकीतून, हे वाचून मी एकटीच हसत सुटले. फक्त व्यापाऱ्याचा तू वलयवाल्या ग्रहावरचा देखणा नावाडी केलास. खूश झाला असता बिचारा.

आता बोलणी खा. इंधन संपून यान अडकतं आणि पुढच्याच प्रकरणात नावाडी मंत्र म्हणून अख्खं आकाश ओलांडतो. मंत्र येत होता तर आधी प्रकरणभर रडत का बसला होता? विज्ञान घे, जादू घे, दोन्ही घे, पण स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडू नकोस. मधलं युद्ध पाणी घालून वाढवलंयस. आणि त्याचे ते निळे डोळे दर प्रकरणात कशाला? एकदा सांगितलंस, कळलं आम्हाला.

पण त्यांचं प्रेम खरं आहे. त्याचा शब्द तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती श्वास धरून बसते. परदेशचा ट्रंककॉल जोडला की दोघांच्या बोलण्यात मधे तशीच पोकळी यायची, आणि आपण लाइनवर असूनही नसल्यासारख्या. तू विसरली नाहीस. तिथे मी मोबाइल उपडा ठेवला.

सगळ्यात मोठा दोष मुद्दाम शेवटी ठेवलाय. नावाडी जीव टाकतो तो तिच्या आवाजावर, आणि तू त्या आवाजाबद्दल काय लिहितेस, तर ‘मंजुळ’. दर वेळी मंजुळ. दारावरची घंटीसुद्धा मंजुळ असते. वर मला सांगतेस, आवाज तुझाच घेतलाय. माझा? सुपरवायझरबाई म्हणायच्या, हिला फोन कशाला हवा, खिडकी उघडून दिली की पलीकडच्या गावाला ऐकू जाईल. तेव्हापासूनच तर तू मला भोंगा म्हणायला लागलीस.

मुंगे, घसा नुसता बसलेला नाही. गाठ आहे, वाईट आहे. पुढच्या बुधवारी ऑपरेशन करून स्वरयंत्रच काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल. आवाज नाही वाचणार. मला फार भीती वाटते, घरात कोणाला तसं दाखवलेलं नाही. हे फोनवर सांगायला गेले असते तर असलेला आवाज रडण्यातच गेला असता, म्हणून हे पत्र. मिळालं की फोन कर. जो काही खरखरीत उरलाय त्या आवाजात मी तुझं पहिलं प्रकरण वाचून दाखवीन. तू मधे बोलू नकोस. नीट ऐक, कुठे चढतो, कुठे फाटतो. मग तेवढा ‘मंजुळ’ खोड आणि तिथे हा आवाज लिही. शेवटच्या प्रकरणात तिला भरपूर बोलू दे.

आवाज असो वा नसो,
तुझीच,
भोंगा