नोंदीत नसलेली वाचक

४ ऑक्टोबर

प्रिय ठकू,

आशीर्वाद लिहिण्याइतकी मी मोठी नाही, तेरा वर्षांचंच तर अंतर आहे आपल्यात. म्हणून सरळ विचारते, कशी आहेस? मी ठीक. खोलीच्या खिडकीची कडी बदलून घेतली, आता ती वाऱ्याने आपटत नाही. ग्रंथालयातली माझी मागची खोली अजून तशीच आहे. पंखा संगणकांच्या दिशेने, मी घामात. काम चालू आहे.

फोन केला की तू ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र. ताई म्हणत होती की तुझं वाचन बंद झालंय, ग्रंथालयाचं कार्डसुद्धा तू तिच्या टेबलावर आणून ठेवलंस. पंधराव्या वर्षी सुटलेलं वाचन पुन्हा लागत नाही, अशी तिची धास्ती. तुझ्या वयाला चांगली पुस्तकं सुचव, असं तिने मला सांगितलंय. तीन सुचवते. नावं आणि कपाटाचे क्रमांक सोबतच्या चिठ्ठीवर आहेत.

पहिलं, समुद्राची खोली मोजायला निघालेल्या बोटीवरचं. स्वयंपाकिणीच्या सोळा वर्षांच्या मुलीला दोरीवरच्या गाठी मोजायचं काम मिळतं आणि तिला गणित अजिबात येत नसतं. पहिली चाळीस पानं जड आहेत, पुढे सुटत नाही. दुसरं, दृष्टी गेलेल्या काकांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या मुलाचं. कंटाळून तो मनाने रचलेल्या बातम्या वाचायला लागतो. बराच वेळ विनोदी आहे. तिसरं गोष्टीचं नाही, पूल का पडतात याबद्दल आहे. आकृत्या उत्तम आहेत.

त्याच त्याच विषयावरचं पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असा बदल बरा.

भाऊजींना नमस्कार सांग. उत्तर पाठव, चार ओळींचं चालेल.

मावशी


१९ ऑक्टोबर

ठकू,

चार ओळी मागितल्या होत्या, तू एकच पाठवलीस. “मी त्याच त्याच विषयावरचं वाचते हे तुला कोणी सांगितलं?”

कोणी सांगितलं नाही. मी पाहिलं.

क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर मी मला सोयीचं तेवढंच लिहीन.

आधी लहान गोष्ट. त्या तीन पुस्तकांपैकी मी फक्त पुलांचं वाचलंय. बाकीची दोन तुमच्या वयाची मुलं सर्वांत जास्त नेतात, म्हणून यादीतून उचलली. गोष्ट मागच्या कव्हरवरून लिहिली. चाळीस पानं जड आहेत, हेही कुणाकडून तरी ऐकलेलं.

जुलैत ग्रंथालयाने मला एक काम दिलं. तेरा ते सतरा वयाच्या मुलांनी आधी काय नेलंय ते बघून संगणकानेच त्यांना पुढचं पुस्तक सुचवायचं. आमच्याकडे पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं ती नोंद पुसली जाते, तसा नियमच आहे. या कामासाठी मी ते पुसणं बंद ठेवलं. वरिष्ठांना विचारलं नाही. मग चाचणीला ओळखीचा वाचक हवा होता, आणि तुझा कार्ड क्रमांक मला पाठ होता.

तुझ्या नावावर एकच कादंबरी चार वेळा निघाली. दर वेळी पूर्ण चौदा दिवस. घरात बापाचा मार खाणारी आणि शाळेत कुणाला पत्ता लागू न देणारी मुलगी, तिची ती गोष्ट.

मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग तुला फोन करायचा सोडून ताईला केला आणि विचारलं, भाऊजी ठकूवर हात उगारतात का.

 ताई म्हणाली, “तू शुद्धीवर आहेस ना?”

पुढचं तू घरात पाहिलंस. भाऊजी दोन दिवस तुमच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. तुला समोर बसवून विचारलं गेलं. तिसऱ्या दिवशी तुला सांगावं लागलं की पुस्तक तुझ्यासाठी नव्हतंच, तुझ्या बाकावरच्या मैत्रिणीसाठी होतं. तिला घरून कार्ड काढून देत नव्हते. ती ते मधल्या सुट्टीत वाचायची आणि पुन्हा तुझ्याच दप्तरात ठेवायची, कारण घरी नेता येत नव्हतं. ताईने चांगल्याच मनाने तिच्या आईला फोन लावला. तो तिच्या वडिलांनी उचलला.

त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं, मला माहीत नाही. हे वाक्य बरोबर आहे, पण प्रामाणिक नाही. अंदाज मलाही आहे. अकरा दिवस ती शाळेत आली नाही. आता ती आणि तिची आई मामाकडे राहतात. ती शाळेत येते, पण तुझा बाक सोडून दुसऱ्या बाकावर बसते. ताई म्हणते, सुटली ना पोरगी शेवटी, मग झालं तर. मला तसं म्हणता येत नाही. मी तिला सोडवायला निघाले नव्हते, ती आहे हेच मला ठाऊक नव्हतं. नोंदीवरून पुस्तक कुणी नेलं एवढंच कळतं, कुणी वाचलं ते कळत नाही. ही गोष्ट दुसऱ्या कुणाला नाही तरी मला सुचायला हवी होती. नोंदींची ती व्यवस्था मीच बांधलेली आहे.

आता पहिल्या पत्रात जे टाळलं ते.

‘हे सगळं तुला कुठून कळलं?’ असं तू ताईला विचारलंस. ती म्हणाली, ग्रंथालयातून. ते उत्तर मी तिला दिलं होतं. माझं नाव घेऊ नकोस, असंही बजावलं होतं. मी ग्रंथालयातच काम करते, तेव्हा उत्तर खोटं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण ग्रंथालय म्हटल्यावर तुझ्यासमोर काउंटरवरच्या ग्रंथपाल बाईंचाच चेहरा येणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मैत्रीण शाळेत यायची थांबली त्याच आठवड्यात तू काउंटरवर येऊन बाईंना चुगलखोर म्हणालीस. मी मागच्या खोलीत होते. दार उघडं होतं. बाई तुला सहावीपासून पुस्तकं काढून देतायत. कुठलं अर्धवट टाकलंस आणि कुठल्या पानावर, एवढंच विचारतात आणि नेमकं पुढचं पुस्तक हातात ठेवतात. दोन महिने खपून मी संगणकाला जे शिकवत होते, ते त्या एका प्रश्नात करतात. त्या दिवशी त्या मान खाली घालून शिक्के मारत राहिल्या. रांगेत सात माणसं होती. मी उठले नाही. खुर्ची वाजू नये म्हणून हललेही नाही.

परवा तुझी ओळ आली. काल मी बाईंकडे गेले. त्या निखळलेल्या पुस्तकांना पाठीच्या पट्ट्या चिकटवत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पुस्तक पुरं केलं, वजनाखाली ठेवलं.

“माहीत होतं,” म्हणाल्या. “त्या नोंदी उघडू शकणाऱ्या आपण दोघीच. मी उघडल्या नव्हत्या.”

मी विचारलं, मग ठकूला का नाही सांगितलंत?

“मला सोडून ती दुसऱ्या ग्रंथालयात जाईल. दुसरी मावशी कुठून आणणार होती?”

 त्या पुढच्या पुस्तकाला डिंक लावायला लागल्या. वर न बघता म्हणाल्या, “सहा आठवडे वाट बघितली. तिची नाही. तुझी.”

आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या.

आज सकाळी मी साठवलेल्या सगळ्या नोंदी पुसल्या, पुसण्याचा नियम पुन्हा चालू केला आणि वरिष्ठांना लेखी कळवलं. पुस्तकं सुचवायचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. मला ठेवणार की नाही ते सोमवारी समजेल. तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मागून दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, एवढंच.

माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, तेही ओझं तुझ्यावर नको. दोनच गोष्टी सांगते.

बाईंना जे बोललीस ते चुकीच्या माणसाला बोललीस. त्यांच्याकडे जा. एकटीला जड वाटत असेल तर मी बरोबर येईन आणि रांगेसमोर मीच बोलेन. माझ्याबरोबर यायचं नसेल तर तसं कळव, मी एकटी बोलेन.

दुसरं, हे पत्र तुझ्या मैत्रिणीला वाचायला दे. तिचं नाव, गल्ली, ओळखीची एकही खूण यात नाही, दोनदा तपासलंय. तिची समजूत आहे की तू तिचं गुपित फोडलंस. तू दोन दिवस तोंड उघडलं नाहीस, भाऊजींवरचा आळ डोळ्यांनी बघवेना तेव्हा बोललीस, हे ताईने मला सांगितलंय. आणि तो आळ घेणारी मी होते. हे सगळं तिला कळायला हवं. मग ती तुझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवेल, पण निदान खरं ठाऊक असून ठरवेल.

हे सांगणारी तू नव्हतीस, बाईही नव्हत्या.

सांगणारी,
तुझी मावशी