एक नग जास्त

४ जानेवारी

चि. बाळ यास,
अ. उ. आ.

तुझ्या वयाच्या माणसाला बाळ म्हणताना खरं तर मलाच लाज वाटायला हवी, पण टक्कल पडलं म्हणून कोणी नाव बदलत नाही. इकडे सर्व ठीक. ठीक म्हणजे कसं, ते पुढे वाच.

सोबत फोटो पाठवते आहे. बाबांच्या जनावरांनी आता अख्खं अंगण व्यापलं आहे. फाटकातून आत आलं की आधी कासव लागतं, जुन्या घमेल्याचं. पोस्टमन एकदा त्याला अडखळून पडला आणि तेव्हापासून पत्रं फाटकालाच अडकवून जातो. कासवामागे बगळा. त्याची चोच म्हणजे आपली कापड कापायची मोठी कात्री, जी मी दोन दिवस घरभर शोधत होते. म्हैस नवीन आहे. मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीचं पोट, सायकलच्या हँडलची शिंगं, साखळीची शेपटी. कोणी मागून हाक मारावी तशी मान जराशी वळवून ती बघते. खरं सांगते, तिच्यासमोर उभी राहिले की हातातलं काम विसरते. जन्मभर डेपोत बसगाड्यांचे ब्रेक आवळणाऱ्या फिटरला हे कोणी शिकवलं, मला माहीत नाही.

वेल्डिंग करताना तुकडा धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी. रात्रपाळीहून आले की चहा व्हायच्या आत हाक येते. ते 'धर' म्हणाले की मी पकडीत धरते, 'सोड' म्हणाले की सोडते. दिवसाकाठी आमच्यात बोलणं होतं ते एवढंच. डोळ्यांवर काळी काच घ्या म्हटलं, तर म्हणतात, काचेतून जनावर दिसत नाही. मग उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे बघतात आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे चोळत बसतात. मी थेंब घालते, गार पट्ट्या ठेवते. आता त्यांना अक्षर लागत नाही. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ लिहिते. डोंगरावरच्या एका इस्पितळात मला मेट्रनची जागा मिळते आहे. एक मार्चला रुजू व्हायचं. बावन्न पूर्ण झालेल्यांना ते घेत नाहीत, आणि मला एप्रिलमध्ये बावन्न होतात. राहायला खोली आहे, पण ती बायकांच्या इमारतीत. बाप असो की भाऊ, पुरुषमाणसाला तिथे राहू देत नाहीत. आई गेल्यापासून बाबांचं सगळं मी केलं. ते आता तू कर. महिनाभर पाहुणे म्हणून नव्हे, कायमचं ने त्यांना. मला ही जागा हवी आहे. आजवर कधी काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

सौ.ला आशीर्वाद, मुलीला पापा. उत्तराची वाट बघते, टोलवाटोलवीची नाही.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो बघून थक्क झालो. ऑफिसात नेले, तर साहेबांनी म्हशीचा फोटो दोनदा मागून घेतला. माझा एक मित्र कलादालन चालवतो. तो मला म्हणाला, अरे, एवढे दिवस वडिलांना लपवून कुठे ठेवलं होतंस. मार्चमध्ये त्याचं दालन रिकामं आहे, मी बाबांच्या वतीने लगेच होकार देऊन टाकला. प्रदर्शनाला 'भंगारातली जनावरं' असं नाव त्याने सुचवलं आहे. मला 'वडिलांचं अंगण' जास्त बरं वाटतं. तुझं मत कळव. प्रत्येक जनावराची उंची आणि अंदाजे वजनही कळव, म्हणजे मांडणीला बरं पडेल.

तुझ्या मेट्रनकीबद्दल मनापासून अभिनंदन. तिथल्या नर्सांची आता धडगत नाही. बाबांचं आपण शांतपणे बघू. इथे नवव्या मजल्यावर त्यांचा जीव रमेल का, हा प्रश्न आहे. लिफ्ट सारखी बंद पडते, सौ.चं डोकं जराशा आवाजानेही उठतं, आणि हातोडा वाजला की खालचे लोक दाराशी हजर. वाढलेलं झाड उपटून कुंडीत लावू नये, असं मला वाटतं. तूर्त त्यांना कामात गुंतवून ठेव. मार्चपर्यंत आणखी एखादं मोठं जनावर होईल का, तेवढं विचार.

तुझा लाडका (हे तूच म्हणायचीस),
बाळ


२८ जानेवारी

चि. बाळ यास,
अ. आ. मधला 'उत्तम' यावेळी मुद्दाम गाळला आहे.

उंची-वजनं मागवलीस, घे. म्हैस माझ्या कमरेला लागते, बगळा खांद्याला. कासव दोघांनाही उचलवत नाही. बाबा पाच फूट पाच इंच, वजन अठ्ठेचाळीस किलो. तेही लिहून ठेव, उपयोगी पडेल.

तू तिकडे उंटावरून शेळ्या हाकतोस, आणि बाबा इकडे तुझ्यासाठी खरोखरीचा उंट करायला बसलेत. प्रदर्शनाचं ऐकल्यापासून त्यांना तहानभूक नाही. मान पाण्याच्या पाइपची, कुबड रस्त्यावरच्या दिव्याच्या टोपणाचं, गुडघ्यांना बसची जुनी बेअरिंगं. दोन चमचे वाकवून त्याचे ओठ केले, पटले नाहीत म्हणून तोडले, परत जोडले, परत तोडले. त्यापायी मला इस्पितळात पोचायला उशीर झाला आणि बोलणी खावी लागली. उंट मात्र आता ओठ लोंबवून असा उभा आहे, की आपल्या आत्याची आठवण यावी.

तुझं पत्र वाचून दाखवताना नवव्या मजल्याचा भाग मी गाळला. माझ्याबद्दल काही लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. तब्येत विचारली आहे, असं मी सांगितलं. एवढंच का, म्हणाले. मग आठवण काढतो असंही लिहिलंय, म्हणाले मी. तुझ्या वाटची माया मला पदरची घालावी लागते, बाळ, आणि आता माझ्याकडेही फार शिल्लक नाही. ते ऐकून ते खूश झाले आणि पुन्हा उंटाकडे गेले.

झाड आणि कुंडी असली वाक्यं भाषणात घालत जा. मला एका शब्दात उत्तर हवं, नेतोस की नाही. नाही म्हणालास तरी चालेल, निदान कोणावर रागवायचं ते ठरेल. एक मार्च गेला की ती जागा गेली, आणि दुसरी कोणी मला देणार नाही.

राग आहेच, तो वाढू देऊ नकोस.
ताई


१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू रागावलीस की मला अजून चड्डीत असल्यासारखं वाटतं. असो. ट्रक चोवीस तारखेला सकाळी येईल, सोबत हमाल असतील. शिंगं आणि चोची जुन्या गाद्यांत नीट गुंडाळ. सगळ्या मंडळींची इथे राहायची उत्तम सोय केली आहे. अंगणातलं काही म्हणता काही मागे राहता कामा नये. उंटाला दर्शनी जागा द्यायचं ठरलं आहे.

बाबांनी या वयात एवढा प्रवास करू नये. उद्घाटनाला त्यांचा मोठा फोटो लावू, तोही पाठव, शक्यतो हसरा. त्यांच्या राहण्याचं मी मे महिन्यात तिकडे येईन तेव्हा समोरासमोर बोलू. तुझ्या इस्पितळाला दोन-तीन महिने थांबायला सांग. चांगल्या मेट्रनसाठी कोणीही थांबेल.

लोभ कमी झाला असला तरी उरलेला असू दे.
बाळ


२४ फेब्रुवारी

चि. बाळ यास,
आशीर्वाद.

हे पत्र ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तुझी जनावरं चढली. म्हैस चौघांनी उचलली. उंटाची मान ट्रकच्या फळीबाहेर निघाली, तिला ड्रायव्हरने लाल फडकं बांधलं. सगळं झालं आणि हत्ती जाऊन शेपूट अडावं तसं कासव अडलं. ते जमिनीत रुतलं होतं, पहारीने काढावं लागलं. आता अंगणात नुसते गंजाचे डाग आहेत.

तुझं मागचं पत्र मी नेहमीसारखं निवडून वाचलं. 'सगळ्या मंडळींची इथे राहायची उत्तम सोय केली आहे, काही म्हणता काही मागे राहता कामा नये.' इथे थांबले आणि पुढचं मनातल्या मनात वाचत होते. बाबांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, शेवटी बोलावलं त्याने. तू मंडळी म्हणालास ते लोखंडाला, त्यांनी त्यात स्वतःला धरलं. त्यांचा गैरसमज दूर करायला मी तोंड उघडलं होतं, बाळ. मग मिटलं.

त्याच दुपारी त्यांनी ट्रंक खाली काढायला लावली. कोट धुवायला दिला, मिशी कातरून घेतली, कोपऱ्यावरच्या घड्याळजीला जाऊन सांगून आले की मुलगा नेतोय. डेपोतल्या जुन्या सोबत्यांनाही सांगून झालं. गेले दहा दिवस ते मला विचारताहेत की तुझ्याकडे सकाळचं ऊन कोणत्या खोलीत येतं. मला ठाऊक नव्हतं. मी कधी आले आहे तुझ्याकडे? म्हणून पूर्वेच्या खोलीत, असं सांगून टाकलं.

ड्रायव्हर म्हणाला, कागदावर म्हातारबाबा नाहीत. लिहिणाऱ्याकडून राहून गेलं, असं मी सांगितलं. त्यांना त्याच्या शेजारी बसवलं आहे, पाठीला उशी दिली आहे. डोळ्यांचे थेंब कोटाच्या आतल्या खिशात आहेत, दिवसातून चारदा घालायचे. रात्री दोनदा उठतात, तेव्हा वाटेत काही ठेवू नका.

तेव्हा तू मागवलंस त्यापेक्षा एक नग जास्त पाठवते आहे. हाही डेपोने भंगारात काढलेलाच आहे आणि जपून उतरवायचा आहे. पोच द्यावी. परत पाठवलास तर इथे कुलूप असेल. मी संध्याकाळच्या गाडीने निघते, खालचा पत्ता इस्पितळाचा आहे.

ताई


२ मार्च

ताई,

नमस्कार लिहायची इच्छा नाही. सांगितलं नाहीस, विचारलं नाहीस, दारात बाप उतरवून मोकळी झालीस. सौ. दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मुलीची खोली काढून घेता येत नाही, म्हणून बाबांना बैठकीत खाट टाकून दिली आहे. प्रदर्शन संपेपर्यंत मी काही बोलणार नाही, कारण ते इथे आहेत हे आता सगळीकडे कळलं आहे. पण तुला पहिली सुट्टी मिळाली की इकडे ये आणि पुढचं काय ते ठरव. त्यांना सवय तुझी आहे, माझी नाही.

बाळ


२५ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आहे, ओळी वरखाली जातील. इथल्या डॉक्टरने डोळे बघून जाड भिंग दिलं, म्हणून स्वतः लिहितो. वाचतोही स्वतः, निवडून वाचून दाखवणारं इथे कोणी नाही.

दार बाळने उघडलं. मला बघितल्यावर त्याने आधी माझ्या मागे बघितलं, बरोबर तू आहेस का म्हणून. मग हसला. डोळे अधू झाले तरी तेवढं दिसतं. मला कोणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऊन स्वयंपाकघरात येतं.

प्रदर्शन चांगलं झालं म्हणतात. मला रोज कोट घालून म्हशीशेजारी खुर्चीवर बसवत होते. लोक वाकून बघत, आधी तिला, मग मला. बाळ सगळ्यांना सांगत होता की वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं. मी मान हलवत होतो. म्हैस एका मोठ्या ऑफिसच्या दारात गेली. उंट कुठे गेला ते मला कळलं नाही. गाडीत घालताना त्याचा खालचा ओठ निखळला होता. मी जोडून देतो म्हणालो, पण त्यांना घाई होती.

इथे काम बंद आहे. गच्चीत नुसती कानस चालवली तर खालून माणूस वर आला. सूनबाई वाईट नाही. चहा वेळेवर देते, मी खोकलो की मधलं दार लावून घेते. नात कधी कधी येऊन बसते, पण तिला अभ्यास असतो. मी खिडकीतून बघतो. नवव्या मजल्यावरून माणसं फार लहान दिसतात, जनावरं तर दिसतच नाहीत.

मला राग आहे. तुझा नाही, असं लिहिणार होतो, पण या वयात खोटं कशाला लिहू. तुझाही आहे. तू म्हणायला हवं होतंस की बाबा, तो नेत नाही आणि मला तर जायचं आहे. तसं म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं? बहुतेक आजारी पडलो असतो. तुला ते ठाऊक असणार, म्हणूनच बोलली नाहीस. तुझ्या जागी मीही बोललो नसतो.

नोकरी नीट कर. तिथे थंडी असेल, तर छातीला लोकर घाल. बाळने तुला पहिल्या सुट्टीत इकडे बोलावलं आहे, ते मला माहीत आहे. येऊ नकोस. तू आलीस की तो माझी ट्रंक दाराशी आणून ठेवील, दोन गोड शब्द बोलेल, आणि तुझी नोकरी राहील बाजूला. तो पाठवील, याची मला भीती नाही. तू नेशील, याची आहे.

माया असू दे, पण लांबूनच असू दे.
बाबा