दोन जिभांचा नियम

३ मार्च, मंगळवार

कडू! सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं चीज, आणि कडू!

एल्डनच्या चेडरचं नवीन चाक, अख्खा गोल ठोकळा, दुकानात आलं म्हणून नेहमीप्रमाणे चाखायची पोकळ सळई खुपसली, चीजची कांडी काढली. नाकाशी धरली — वास झकास. बोटांत चोळून मऊ केली, जिभेवर ठेवली. आधी लोण्याची गोडी, मग मीठ, आणि गिळायच्या वेळी मागून तो कडूपणा. अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळावी तसा. पाणी पिऊन परत चाखलं. तेच.

मर्लला दिली. काउंटरवर आम्ही दोघंच. "मला तर फर्स्ट क्लास लागतंय," म्हणे. याच्या गालात सदानकदा तंबाखूचा गोळा. याला साबणाची वडी दिली तरी फर्स्ट क्लासच म्हणेल!

एखादं चाक बिघडतं. कुणाचं बिघडत नाही? बहिणीला, डार्लाला, इतक्यात काही बोलायचं नाही.

६ मार्च, शुक्रवार

आज नोव्होटनीबाई आल्या. हातात किसलेल्या चीजची पिशवी! मी म्हटलं, "ठेवा ती खाली. चिकटू नये म्हणून त्याला भुकटी फासतात, ते धड वितळत नाही. ठोकळा न्या आणि घरी किसा. देवाने हात दिलेत ना?" त्या हसल्या. मग प्लास्टिकमध्ये घाम आलेला एक स्विस चीजचा तुकडा उचलला. तोही काढून घेतला. कापल्याची तारीख बघायची, तारीख नसेल तर हात लावायचा नाही, आणि चाकावरून समोर कापून घेता येत असेल तर बांधून ठेवलेलं घ्यायचंच नाही — किती वर्षं सांगतेय! बाई ऐकतात, आणि पुढच्या शुक्रवारी परत पिशवी घेऊन उभ्या.

मग म्हणाल्या, "बरं, एल्डनचं दे अर्धा पौंड. तुझी चिठ्ठी आहे म्हणजे बघायलाच नको."

चिठ्ठी. 'जीनेटची पसंती.' माझ्याच हातची, एल्डनच्या चीजवर लावलेली. जुन्या चाकाचा एक शेवटचा तुकडा उरला होता, तो कापून दिला आणि सुटले. नवीन चाकाला हात लावला नाही. असं किती दिवस चालणार?

१२ मार्च, गुरुवार

दुसरं चाकही कडू. तिसरंही!

आमच्या दुकानात नियम आहे — एका जिभेवर कुणाचा माल परत जात नाही. दोघांनी नको म्हणायला हवं. बाबा या काउंटरवर होते तेव्हापासूनचा नियम. माणसाचं कधी पोट बिघडलेलं असतं, कधी मन. म्हणून दोन जिभा.

मर्ल काही केल्या नको म्हणेना. तीनदा चाखलं त्याने. "खोटं कसं बोलू, जीनेट? चांगलं आहे." मला वाटलं, एल्डनबरोबर पत्ते खेळतो म्हणून पाठीशी घालतोय. तसं बोललेसुद्धा.

माल परत पाठवला नाही, पण चिठ्ठी काढली आणि चाकं खालच्या फळीवर सरकवली. नियम मोडला असं कुणी म्हणणार नाही. मलाच काय ते माहीत.

आणि यंदा सगळ्यांनाच काय झालंय? गौडा चीज कडवट, ग्रुयेर चीजही कडवट. मर्लची कॉफी तर शुद्ध विष. सगळीकडेच माल घसरलाय. घाईने बनवतात आणि घाईने विकतात, दुसरं काय!

१३ मार्च

डार्ला आली होती. चिठ्ठी नाही हे तिने बघितलं. अंडी घेतली आणि गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२० मार्च, शुक्रवार

डार्ला-एल्डनबरोबर गावातल्या हॉटेलात मासे खायला गेलो होतो, दर शुक्रवारसारखे. तळलेले मासे, कोबीची कोशिंबीर, सगळं गाव तिथे. मला वाटलं होतं लोकांसमोर तरी विषय निघणार नाही. कसलं काय!

डार्लाने काटा-चमचा खाली ठेवला. "मला लोक विचारतात, तुझ्या बहिणीनेच का काढलं म्हणून. मी काय सांगू?"

"अगं, कडू लागतंय मला. लोक माझ्या शब्दावर घेतात."

"आणि आम्ही तुझ्या शब्दावर जगतो त्याचं काय? निम्मा माल तुमच्या दुकानात जातो. तू हात काढलास की बाकीचे आठवड्यात काढतील. घरच्यांनीच असं केल्यावर बाहेरच्यांना कशाला बोल लावायचा?"

शेजारच्या टेबलावरची माणसं माशातले काटे काढण्यात फारच गुंतली. माझे कान तापले. मी पाव मोडत बसले.

एल्डन इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. शेवटी म्हणाला, "डार्ला, पुरे. जीनेटची जीभ कधी चुकलीय का? उद्या येतो मी. माझं मी चाखतो."

या माणसाला रागावता का येत नाही? आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

२१ मार्च, शनिवार

आला. धुतलेला शर्ट घालून, चर्चला यावं तसा. दुकान उघडायच्या आधीच.

मी सळई त्याच्याच हातात दिली. त्याने कांडी काढली, मोडली, वास घेतला, खाल्लं. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडे बघतोय.

"नाही गं. मला नाही लागत."

"गिळल्यावर बघ. शेवटी येतं."

परत खाल्लं. मान हलवली. मर्ल म्हणाला, "बघ, मी सांगत होतो!"

मी म्हटलं, "घाई नको. जिभेच्या मागच्या बाजूला. डोळे मिट."

त्याने डोळे मिटले. जीभ टाळूवर घासत राहिला. कपाळावर आठी आली. मग हळूच म्हणाला, "हो... आहे. काहीतरी आहे."

"कडू?"

"हो गं. कडूच. बरोबर आहे तुझं."

मर्लने फडकं काउंटरवर आपटलं आणि मागे निघून गेला.

दोन जिभा झाल्या. नियमाप्रमाणे तिन्ही चाकं परत. जवळजवळ तीन आठवडे छातीवर बसलेला दगड उतरला. मी वाईट नव्हते, मी खरी होते! एल्डनने चाकं स्वतः उचलून गाडीत ठेवली. जाताना मला थँक्यू म्हणाला. त्या थँक्यूने मात्र जेवण गेलं नाही.

५ एप्रिल, ईस्टर

डार्लाकडे जेवायला. बोलावणं एल्डनचं होतं, तिचं नव्हे. हॅम, बटाटे, सगळं नेहमीचं. टेबलावर चीज नव्हतं. त्या घरात, ईस्टरला, चीज नाही!

एल्डन म्हणाला, तळघरातली चाकं एकेक करून चाखली. सगळी कडू. गेल्या वर्षीची, त्याच्या आधीचीही. "एकदा कळलं ना, की सगळीकडे लागायला लागतं. इतके दिवस मला कसं कळलं नाही?"

मी म्हटलं, "विरजण बदलून बघ. दूध बदल."

"विरजण बदलता येतं गं. जीभ कुठून आणू? माझी गेली. चीज करणाऱ्याची जीभ गेल्यावर तो नुसता दूध तापवणारा."

डार्ला उठली आणि ताटं घासायला लागली. लोकांची जेवणं चालू असताना! पाठमोरी म्हणाली, "याची जीभ काही गेलेली नाही. याला सांगितलं म्हणून याला लागतंय. याला उद्या सांगितलं की तू आंधळा झालास, तर हा काठी विकत आणेल."

मला बोचलं. घरी येईपर्यंत मनात तिच्याशी भांडत होते. मी काय मुद्दाम केलं? मला कडू लागत असताना गोड म्हणायचं?

९ एप्रिल, गुरुवार

डार्लाचा फोन. तळघर रिकामं केलं. सगळी चाकं शेजारच्या मळ्यावर डुकरांना.

"डुकरं खूश आहेत हो," म्हणाली. "त्यांची कुणाची तक्रार नाही." आणि ठेवला.

मर्लने त्यातलं एक चाक मागून घेतलं म्हणे. त्याच्या घरी सगळे आवडीने खातायत. मी म्हटलं, "तुमच्या घरी चीजवर केचप घालतात, मला सांगू नकोस." तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

१४ एप्रिल, मंगळवार

एल्डनच्या जागी व्हर्माँटचं चेडर ठेवायचं ठरलं. चाखलं. तेही कडवट! मर्ल म्हणाला, "मग आता काय, काउंटरवर बटाटे मांडायचे?" मी एकटीने नको म्हटलं, तो हो म्हणाला, मालकांनी ठेवलं. चिठ्ठी मागितली त्यांनी. मी लिहून दिली नाही. ज्याची खात्री नाही त्यावर माझं नाव नाही. एल्डनसाठी एक न्याय आणि व्हर्माँटवाल्यांसाठी दुसरा, असं मी करणार नाही.

नोव्होटनीबाईंनी विचारलं, "मग मी नेऊ तरी काय?" मी काउंटर पुसत राहिले. आजवर असं कधी झालं नव्हतं. त्या किसलेली पिशवी घेऊन गेल्या. मी अडवलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

एल्डनच्या चीज करायच्या टाक्या आज गेल्या. कुणी परक्या माणसाने घेतल्या, दुसऱ्या राज्यातल्या. जाऊ नको असं मन सांगत होतं, तरी गेले.

स्टीलच्या त्या लांबलचक टाक्या दारातून निघेनात, म्हणून चौकट काढावी लागली. एल्डन स्वतः स्क्रू काढत होता. चार माणसं, हळूहळू, "सांभाळ, सांभाळ!" करत. ट्रक गेल्यावर आत जमिनीवर नुसते टाक्यांच्या पायांचे डाग उरले. दह्याचा वास अजून होता.

त्याने चीज करायचं लायसन्स भिंतीवरून काढलं होतं. सोमवारपासून दुधाचा ट्रक चालवणार आहे. पहाटे गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करायचं आणि दुसऱ्यांच्या कारखान्यांत नेऊन ओतायचं.

मला म्हणाला, "मनात ठेवू नकोस. बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कुणी तोंडावर सांगितलं नसतं. लोकांना कडू विकत राहिलो असतो."

डार्ला दारात उभी होती. आत ये म्हणाली नाही. लहानपणी एकाच पलंगावर झोपायचो आम्ही. मी हात केला, तिने केला नाही. गाडीत बसून मनसोक्त रडले. पण चुकले असं वाटत नाही मला. खरं बोलायची किंमत असते, आणि ती नेहमी दुसराच का भरतो, एवढंच कळत नाही.

२० एप्रिल, सोमवार

उठले, पाणी प्यायले. कडू. पेला धुतला, परत भरला. कडू. बाटलीतलं उघडलं. तेही.

मग साखरेचा डबा काढला. चमचाभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, विरघळेपर्यंत थांबले.

कडू.

बाहेर अजून उजाडलेलं नाही. एल्डन पहिल्या गोठ्यावर पोचला असेल.