लाल गालांची ड्रायव्हर

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सगळ्यांत आधी तुलाच कळवते : माझी बस गेली. म्हणजे मोडली नाही, काढून घेतली. ड्यूटीवर चढण्याआधी आम्हा ड्रायव्हरांना मशीनमध्ये फुंकावं लागतं. माझा आकडा रोज शून्य, पण माझे लालबुंद नाक-गाल बघून साहेब पुन्हा पुन्हा फुंकायला लावतात. पंधरवड्यापूर्वी म्हणाले, बाई पिऊन चालवतात अशी प्रवाशांची कुजबुज आहे, चेहरा नीट होईपर्यंत तिकीट खिडकीवर बस.

डॉक्टरीणबाईंनी निदान केलंय, रोझेशिया नावाचा त्वचेचा आजार. कायमचा जात नाही म्हणे, आटोक्यात राहतो. त्यांच्या मलमाला दोन-तीन महिने द्यायचे. एवढा दम कुणाला? ते सोडून मी औषधाच्या दुकानातून दुसरं आणलं आणि आठवड्यात चेहरा लोण्यासारखा झाला! सोमवारी साहेबांना दाखवून बस परत मागणार आहे.

लाल-गोरी कशीही असले तरी तुझीच,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणे,
अ. उ. आ.

तुझं लोणी वितळणार आहे. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी न विचारता दिलेलं ते मलम बहुतेक स्टेरॉइडचं असेल. लावलं की चेहरा गुळगुळीत, सोडलं की दुप्पट आग. आजच डॉक्टरीणबाईंना गाठ आणि खरं सांग. ते कसं थांबवायचं हे त्याच सांगतील, तू आणखी अक्कल पाजळू नकोस.

मला हा आजार तुझ्या जन्माआधीपासून आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला ताठ बसायला शिकवलं, गाल थंड ठेवायला नाही. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा पोरी पाठीमागे मला टोमॅटो म्हणत. औषध, रोजचं सनस्क्रीन, कोमट चहा, एवढं सांभाळलं की पुळ्या आणि आग जातात. लाली कमी होते, पण काही दिवस विनाकारण परत येते. नाकावरच्या बारीक शिरा मलमाने जात नाहीत, त्याला लेझर लागतं. याहून जास्त वचन देणारा माणूस काहीतरी विकत असतो.

आणि तुझे ते साहेब! मशीन शून्य दाखवतं आणि हा गृहस्थ गाल बघून निकाल देतो? मग मशीन काय शोभेला ठेवलंय? चेहरा नीट करून दाखवते असं त्याला मुळीच कबूल करू नकोस. ते तुझ्या हातात नाही. उद्या गाल पुन्हा लाल झाले की पुन्हा खिडकीवर बसशील. बस मागायची तर याच चेहऱ्याने माग.

रागावले आहे, पण तुझ्यावर अर्धीच.
तुझी आत्या

२८ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तस्संच झालं. ते मलम थांबवल्यावर असा भडका उडाला की उशीला गाल टेकवेना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यांनी पहिल्यापासून सगळं सुरू केलं. आता पुळ्या बसल्यात. लाली आहे, पूर्वीपेक्षा कमी.

गेल्या सोमवारी तशीच साहेबांसमोर उभी राहिले. म्हटलं, हा चेहरा कधी बरा दिसेल, कधी नाही, तारीख देता येणार नाही. सगळ्यांसारखं एकदा फुंकेन, आकडा बघा आणि किल्ली द्या. त्यांनी मशीन पुढे केलं, मी फुंकलं, शून्य. मग म्हणाले, तक्रार आली तर काय सांगू? मी म्हटलं, आकडा सांगा.

आज चढावर इंजिन तापलं, ऊन काचेतून थेट तोंडावर, आणि गाल पेटले. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी काळजीने विचारलं, बरं वाटत नाही का. मी सांगितलं की तब्येत ठणठणीत आहे, चेहराच असा आहे, आणि तुमचा थांबा आलाय, सावकाश उतरा.

माया अशीच राहू दे.
चिमणी