उजव्या हाताची थरथर

दादा,

काल फोनवर तू म्हणालास, "ईसीजीवाली घरातच आहे, म्हणून बाबा वाचले." मी नुसतं "हं" म्हटलं. रोज चाळीस जणांच्या छातीला वायरी लावून माणूस इतका दमतो, की खोटं बोलायलाही एकच अक्षर पुरतं.

अर्धांगाच्या झटक्याआधी पंधरा दिवस मी बाबांचा ईसीजी काढला होता. मशीनने 'ठोके अनियमित' असं छापलं. कंपवातामुळे त्यांचा उजवा हात हलतो, म्हणून रेघही थरथरते. एरवी मी म्हणते, "बाबा, हात कमरेखाली दाबून धरा," आणि पुन्हा काढते. त्या दिवशी बाहेर रांग होती. मी 'हाताची थरथर' असा शेरा मारला. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आज त्या ईसीजीची पट्टी शोधून काढली. एका कागदाच्या कडेवर ठोक्यांच्या खुणा केल्या आणि कागद पुढे सरकवला. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एकही खूण जुळली नाही. हाताने रेघ हलते रे, ठोक्यांमधली अंतरं नाही बदलत. हृदयाचे वरचे कप्पे तेव्हाच नुसते फडफडत होते; अशा कप्प्यात रक्ताची गुठळी धरते आणि मेंदूत जाऊन अडकते.

हे पत्रही मी टाकणार नाही, मला ठाऊक आहे.

दुपारी बाबांचा पुन्हा ईसीजी काढला. सवयीने बोलून गेले, "बाबा, हात कमरेखाली." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि शहाण्या मुलासारखा कमरेखाली सरकवला.

तो आता थरथरत नाही, दादा. रेघ अगदी स्वच्छ आली.

तुझी,
ठमी